गेमची गोष्ट शेवटपर्यंत खेळायची तर पडते केवढ्याला?

‘रेड डेड रिडेम्पशन २’ सेलमध्ये आठशेला मिळतोय, घेऊ का? शहापूर तालुक्यात शेणव्यात काय, पुढे किन्हवली-डोळखांबला काय, कॉम्प्युटर असलेल्या पोरांचा हा नेहमीचा प्रश्न. ‘घे’ किंवा ‘नको’ असं एका शब्दात त्याचं उत्तर देता येत नाही. आठशे ही झाली दुकानातली किंमत. त्यावर १२० जीबी डेटा, पंधराएक युनिट वीज आणि ५० तास लागतात. यातल्या तासांचं बिल कुणी हातात देत नाही, म्हणून ते हिशोबात धरायचं राहून जातं.

गोष्टीचा गेम घेताना आपण पैसे मोजतो ते गोष्ट संपवण्यासाठी. अर्ध्यावर सुटली तर ३०० रुपयांचा गेमही महाग पडतो. संपली आणि मनात राहिली तर दोन हजारही जड वाटत नाहीत. म्हणून विकत घेण्याआधी विचारायचं ते एवढंच: ही गोष्ट मी संपवेन का, आणि त्याला एकूण खर्च किती?

आधी तास मोजा

‘हाउ लाँग टू बीट’ नावाच्या संकेतस्थळावर प्रत्येक गेमला लागणारा वेळ खेळाडूंनीच नोंदवलेला असतो. तिथे फक्त मुख्य गोष्ट, गोष्ट आणि थोडी जोडकामं, आणि सगळं म्हणजे सगळं, असे वेगवेगळे आकडे दिसतात. तुमच्या कामाचा पहिला. काही ओळखीच्या नावांचे ढोबळ आकडे असे:

- गॉड ऑफ वॉर (२०१८): २० तास
- घोस्ट ऑफ त्सुशिमा (२०२०): २५ तास
- जीटीए ५ (२०१३): ३० तास
- विचर ३ (२०१५) आणि रेड डेड रिडेम्पशन २ (२०१८): प्रत्येकी ५० तास
- असॅसिन्स क्रीड वल्हाला (२०२०): ६० तास
- पर्सोना ५ रॉयल: १०० तास

यात स्वतःची भर घाला. संवाद इंग्रजीत, तेही अमेरिकी खेडवळ नाहीतर जुन्या युरोपी ढंगाचे. मराठी सबटायटल्स यातल्या एकाही गेमला नाहीत. सबटायटल्स थांबून वाचावी लागत असतील तर पाचवा हिस्सा वेळ वाढवून धरा. ५० चे ६० होतात.

आता हे तास आठवड्यात बसवा. समजा, तुम्ही शेणव्याहून पहाटे निघून शहापूरमार्गे आसनगाव गाठता आणि लोकलने ठाण्याला कामाला जाता. परत येईपर्यंत रात्र होते. अशा माणसाला खेळायला उरतात शनिवार-रविवारचे तीन-तीन तास. आठवड्याला सहा तासांनी ६० तासांचा गेम अडीच महिने चालेल. पर्सोना चार महिने खाईल, वाचण्याचा जादा वेळ धरला तर पाच.

घरी शेती असेल तर हे अडीच महिने कुठले, हेही बघा. आवणीच्या दिवसांत किंवा दिवाळीच्या आगेमागे भातकापणी-झोडणी चालू असताना लांब गोष्ट हाती घेऊ नये. तीन आठवडे खंड पडला की कोण कुणाचा माणूस, आपण या गावात कशाला आलो होतो, काही आठवत नाही, आणि बहुतेक वेळा गेम तिथेच सुटतो. दहावी-बारावीच्या मुलांनी फेब्रुवारी-मार्च सोडावा हे वेगळं सांगायला नको. झोडणी उरकल्यापासून पौषातल्या म्हशाच्या जत्रेपर्यंतचा काळ बरा. एप्रिल-मेही बरा.

रुपयांचा हिशोब

*कॉम्प्युटर.* स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात भारतासाठी रुपयांत दर असतात आणि यूपीआयने पैसे भरता येतात. उन्हाळी आणि हिवाळी असे दोन मोठे सेल दरवर्षी लागतात. तीन-चार वर्षं जुना गेम पूर्ण किमतीला घ्यायचं कारणच नाही. रेड डेड २ कॉम्प्युटरवर आला तेव्हा ३,१९९ रुपयांना होता. सेलमध्ये तो ७५ टक्क्यांपर्यंत उतरतो. विचर ३ तर त्याहूनही जास्त. गोष्ट शिळी होत नाही, त्यामुळे थांबण्यात तोटा नाही. एपिक स्टोअर दर गुरुवारी एखादा गेम फुकट देतं. मे २०२० मध्ये त्यांनी जीटीए ५ आठवडाभर फुकट दिला होता. त्या आठवड्यात ज्यांनी तो खात्यात टाकून ठेवला, त्यांचा तो कायमचा झाला.

*प्लेस्टेशन.* पीएस ५ चे मोठे नवे गेम पाच हजार रुपयांच्या आसपास जातात. पण डिस्क घेतली तर गोष्ट संपल्यावर विकता येते. चार हजारांना घेऊन तीन हजारांना विकली, तर गोष्ट पडली हजाराला. जुन्या डिस्कसाठी कल्याण-उल्हासनगरची दुकानं किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड. मशीन घेताना मात्र एक बघा: डिजिटल आवृत्तीत डिस्क घालायला जागाच नसते. ती चार पैसे स्वस्त असते, पण जुनी डिस्क घेण्याची आणि विकण्याची सोय गेली. नेट अडखळणाऱ्या गावात डिस्कवाली परवडते, कारण गेमचा बराचसा भाग डिस्कवरून चढतो.

*महिन्याची वर्गणी.* वर्गणी भरून हवे ते गेम खेळायची योजना २० तासांच्या गेमला छान, १०० तासांच्या गेमला घातक. चार महिने लागणार असतील तर चार वर्गण्या धरा आणि त्या बेरजेत तो गेम सेलमध्ये कायमचा मिळतो का, ते पडताळा. शिवाय योजनेतून गेम काढून घेतला तर तुमची गोष्ट अधांतरी.

*फोन.* एकदाच पैसे भरून मिळणारे जुने गेम सगळ्यांत सरळ. ‘जीटीए सॅन अँड्रिआस’ मूळ २००४ चा, पण गोष्ट तीसेक तासांची आणि पुरी होणारी. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ फुकट आहे, पण सप्टेंबर २०२० पासून त्याची गोष्ट वाढतेच आहे आणि आवडतं पात्र मिळवायला नशिबाचा सोडतीसारखा खेळ खेळावा लागतो. संपणारी गोष्ट हवी असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

*पेनड्राइव्हवरचा ‘क्रॅक’.* फुकट दिसतो. बेकायदा तर आहेच, पण हिशोबानेही आतबट्ट्याचा. ऐन चाळिसाव्या तासाला गेम बंद पडला तर दुरुस्तीचा अपडेट मिळत नाही, आणि सोबत आलेला व्हायरस ज्या कॉम्प्युटरवर घरचे बँकेचे व्यवहार होतात तिथेच बसतो.

‘तासाला किती पडलं’ हा हिशोब सगळे करतात. आठशे भागिले पन्नास, म्हणजे सोळा रुपये तास, सिनेमापेक्षा किती स्वस्त! हा हिशोब फसवा आहे. त्या न्यायाने जितका लांबवलेला तितका गेम चांगला ठरेल. कंपन्यांनाही हे ठाऊक असल्यामुळे गोष्टीत पाणी घालून तास वाढवले जातात.

डेटा: गेमइतकाच दुसरा खर्च

रेड डेड २ ला १२० ते १५० जीबी जागा लागते. विचर ३ ला ५०, गॉड ऑफ वॉरला ७०. दिवसाला २ जीबी देणारा २८ दिवसांचा फोनचा प्लॅन साधारण साडेतीनशेचा धरला, तर त्यात महिनाभराचा मिळून ५६ जीबी डेटा येतो. १२० जीबीसाठी असे दोन प्लॅन पुरे संपवून वर चार दिवस. म्हणजे साडेसातशे रुपये आणि ६० दिवस, त्यातही दुसरं काही बघायचं नाही. गेमच्या किमतीइतकाच हा दुसरा खर्च आहे.

सुटायच्या वाटा तीन. फोनवर ५जी नीट पकडत असेल आणि प्लॅनमध्ये अमर्याद ५जी असेल, तर प्रश्न मिटला. घरात ३० एमबीपीएसचं फायबर किंवा एअरफायबर असेल, तर तासाला १३ जीबीच्या आसपास उतरतं. १२० जीबीला नऊ तास, म्हणजे एक रात्र. तिसरी वाट फार जणांना माहीत नसते आणि ती पूर्ण कायदेशीर आहे. मित्राकडे तोच गेम स्टीमवर असेल, तर त्याच्या कॉम्प्युटरवरचं गेमचं फोल्डर हार्डडिस्कवर घ्या, आपल्या कॉम्प्युटरवर स्टीमच्या त्याच जागी ठेवा आणि आपल्या खात्यातून इन्स्टॉल दाबा. आधीच असलेल्या फाइल्स स्टीम तपासून घेतं आणि फक्त कमी पडलेलं उतरवतं. गेम विकत घेतलेला हवा, एवढीच अट. कल्याण-बदलापूरला नातेवाइकांकडे फायबर असेल तर सुटीत लॅपटॉप घेऊन जाणं हाही तसाच स्वस्त उपाय.

वीज: बिल थोडं, खोळंबा मोठा

गेम चालू असताना डेस्कटॉप ३०० वॅटच्या आसपास खेचतो, गेमिंग लॅपटॉप १५० च्या. ५० तासांना अनुक्रमे १५ आणि साडेसात युनिट. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांपुढे दर एकदम चढतो, आणि घरच्या नेहमीच्या वापराने शंभरी गाठली असेल तर तुमचं प्रत्येक युनिट त्या चढ्या दराने जातं. युनिटला १० ते १२ रुपये धरले तरी अख्ख्या गोष्टीला १५० ते १८० रुपये. यावरून घरात वाद होण्याइतकी ही रक्कम नाही.

त्रास आहे तो वीज जाण्याचा. पावसाळ्यात एक फांदी तारेवर पडली की संध्याकाळ गेली. म्हणून गेम ‘सेव्ह’ कसा होतो हे विकत घेण्याआधी बघा. विचर ३ मध्ये लढाई किंवा संभाषण चालू नसेल तर कुठेही सेव्ह करता येतं. गॉड ऑफ वॉर स्वतःहून वारंवार सेव्ह करतो. रेड डेड २ मध्ये मोहीम चालू असताना हाताने सेव्ह करता येत नाही. अर्ध्या तासाच्या मोहिमेत शेवटच्या गोळीबाराला वीज गेली तर पुन्हा घोड्यावर बसून पहिल्यापासून सुरुवात. पर्सोना ५ मध्ये महालात शिरलं की ठरावीक सुरक्षित खोल्यांतच सेव्ह होतं. जून ते सप्टेंबरात खेळणार असाल आणि डेस्कटॉप असेल तर छोटा यूपीएस लागेल, अडीच-तीन हजारांपासून पुढे. तो खर्च गेमच्या नावावर टाकू नका, कॉम्प्युटरलाही तो हवाच. लॅपटॉपवाल्यांची बॅटरी तेवढ्यापुरतं निभावून नेते.

गोष्ट पारखायची कशी

स्टीमवर घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल, तर पैसे परत मिळतात. बरेच जण या दोन तासांत गोष्ट आवडते का ते बघतात. तसं करू नका. हे दोन तास मशीनच्या परीक्षेचे आहेत: गेम अडकतो का, अक्षरं वाचता येतात का, पंखा किंचाळतो का. लांब गोष्ट दोन तासांत सुरूच होत नाही.

रेड डेड २ चंच बघा. साल १८९९. टोळी पोलिसांपासून पळत डोंगरात शिरली आहे आणि बाहेर हिमवादळ. पहिलं प्रकरण सगळं त्या बर्फात जातं: घोडा गुडघाभर बर्फातून रेटायचा, कंदील घेऊन माणसं शोधायची, हरणाची शिकार करून सगळ्यांच्या पोटाची सोय करायची. चाल मुद्दाम जड ठेवली आहे. हे प्रकरण संपतं न संपतं तोच परताव्याचे दोन तास उलटतात. खरा गेम, म्हणजे मोकळी कुरणं, छावणीतली भांडणं, नायक आर्थर मॉर्गनची डायरी, दुसऱ्या प्रकरणात उघडतो. एकूण सहा प्रकरणं आणि दोन भागांचा उपसंहार. बर्फाला कंटाळून परत केलात तर गेम न बघताच परत केलात.

म्हणून प्रत्येक लांब गोष्टीचं स्वतःचं ‘निर्णयाचं ठिकाण’ शोधायचं.

- *गॉड ऑफ वॉर:* पहिला दीड तास. दारावर एक अनोळखी माणूस येतो, तिथेच कळतं.
- *रेड डेड २:* दुसऱ्या प्रकरणातले चार-पाच तास.
- *विचर ३:* ‘ब्लडी बॅरन’चं प्रकरण, आठ ते दहा तासांवर.
- *पर्सोना ५:* पहिला महाल संपेपर्यंत, दहाएक तास.

विचरचं उदाहरण जरा जवळून पाहू. नायक गेराल्ट सिरी नावाच्या मुलीच्या शोधात आहे. तिचा ठावठिकाणा एका गढीतल्या दारुड्या सरदाराला माहीत आहे. तो म्हणतो, आधी माझी हरवलेली बायको आणि मुलगी शोधून दे. शोधता शोधता कळतं की त्या हरवलेल्या नाहीत, मारहाणीला कंटाळून पळून गेल्या आहेत. आणि बायकोचं पोटातच गेलेलं, नाव न ठेवता पुरलेलं मूल आता पिशाच होऊन फिरतं आहे. तुम्ही त्याला मारू शकता. नाहीतर, त्याच्या बापाने त्याला हातात घेऊन घराच्या उंबरठ्यापर्यंत न्यायचं, नाव द्यायचं आणि तिथे पुरायचं. निर्णय तुमचा, आणि त्या माणसाची कीव करायची की नाही हेही तुम्हीच ठरवायचं. हे खेळून झाल्यावर पुढे काय होतं ते बघावंसं वाटलं, तर उरलेले ४० तास सत्कारणी लागतील. नाही वाटलं, तर पुढे याहून सरस काही येईल या आशेवर थांबू नका.

विकत घेण्याआधीची आणखी एक चाचणी फुकट आहे. स्टीमवर प्रत्येक गेमच्या ‘अचीव्हमेंट्स’ची यादी उघडी असते. गोष्टीचा कुठला टप्पा किती टक्के खेळाडूंनी गाठला, ते त्यात दिसतं. शेवटचा आकडा लहान असणारच, कित्येकांनी गेम घेऊन उघडलेलाही नसतो. बघायचं ते उतार. आकडे हळूहळू उतरत असतील तर गोष्ट माणसं धरून ठेवते. मधेच एकदम खड्डा असेल तर तिथे काहीतरी रटाळ किंवा अतिकठीण आहे.

पाणी घातलेली गोष्टही ओळखता येते. वल्हालामध्ये प्रांतामागून प्रांत आपल्या बाजूला वळवायचे असतात. प्रत्येक प्रांताची वेगळी कथा, आणि पुढच्या प्रांतात टिकायला ताकद वाढवत बसायचं. लांबीबद्दल इतकी कुरकुर झाली की त्याच मालिकेतला २०२३ चा ‘मिराज’ पंधराएक तासांत आटोपता आला. असा गेम हाती असेल तर दोन-चार प्रांत खेळून खुशाल थांबा.

उलट, गोष्ट आवडते पण लढाया जमत नाहीत म्हणून गेम सोडू नका. विचर ३ आणि गॉड ऑफ वॉर दोन्हींत सगळ्यांत सोपी पातळी खास गोष्टीसाठीच ठेवलेली आहे. ती निवडण्यात कमीपणा नाही, आणि वेळही वाचतो.

पहिल्यांदाच खेळणाऱ्यांनी आखूड गोष्ट घ्यावी

लांब गोष्टीवर पैसे टाकण्याआधी आपल्याला गोष्टीचे गेम मुळात रुचतात का, हे आखूड गेमवर बघावं. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने २०२० मध्ये काढलेला ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ त्यासाठी चांगला. जत्रेतून असुरांनी पळवलेल्या गोलू या भावाला शोधायला निघालेली राजी, तिला दुर्गेने दिलेलं शस्त्र, आणि मधली कथा सांगायला छायाबाहुल्या. पाच-सहा तासांत आटोपतो. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाजही आहे, त्यामुळे सबटायटल्सची कटकट नाही. त्रुटी एकच, पण मोठी: शेवट तोडल्यासारखा येतो, गोष्ट पुढच्या भागावर सोडून दिलेली आहे. हे माहीत असू द्या आणि सेलमध्येच घ्या.

दुसरा पर्याय ‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’ (२०१७), सात-आठ तासांचा. गोष्ट पश्चिम घाटात घडते, मात्र आपल्या माहुली-माळशेजशी तिचा संबंध नाही. देवळं बेलूर-हळेबिडच्या होयसळ वळणाची आहेत.

सोडायचं ठरलं तर

अर्ध्यावर सोडणं म्हणजे पैसे बुडाले असं नाही. निर्णयाच्या ठिकाणी मन लागत नाही म्हणून दहाव्या तासाला थांबलात, तर ४० तास वाचले. गेलेले आठशे वसूल करायला आणखी ४० तास घालणं हाच खरा तोटा.

शेवट काय होतो याची हुरहुर राहिली तर यूट्यूबवर कथाप्रसंग सलग जोडलेले व्हिडिओ मिळतात. ४८० च्या चित्रावर तासाला अर्धा जीबीच्या आसपास जातो, म्हणजे आठ तासांची पूर्ण गोष्ट दोन दिवसांच्या डेटात. गॉड ऑफ वॉर किंवा अनचार्टेडसारखी एकाच रेषेत जाणारी गोष्ट अशी बघायला हरकत नाही. विचरसारखी, जिथे निर्णय तुमच्यावर असतात, ती बघून अर्धीच मिळते.

घरच्यांसाठी

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. गोष्टीचे गेम त्यात येत नाहीत. बँकेच्या मेसेजमध्ये स्टीमला एकदाच गेलेले आठशे दिसले तर ती खरेदी आहे. छोट्या-छोट्या रकमा पुन्हा पुन्हा जाताना दिसल्या तर मात्र विचारा.

एका नजरेत: रेड डेड २, डेस्कटॉपवर

- गेम, ७५ टक्के सवलतीत: ८०० रुपये
- डेटा: मित्राकडून फाइल्स घेतल्या तर जवळपास शून्य, फोनच्या प्लॅनवर ७५०
- वीज: १५० ते १८०
- वेळ: आठवड्याला सहा तासांनी दोन ते अडीच महिने

म्हणजे हजारापासून पावणेदोन हजारांपर्यंत. पुढचे अडीच महिने आवणीचे, कापणीचे किंवा परीक्षेचे असतील तर सेल सोडून द्या, सहा महिन्यांत पुन्हा लागतो. मोकळे असतील तर घ्या, पहिले दोन तास मशीन तपासा, बर्फातून बाहेर पडा आणि दुसऱ्या प्रकरणात चार-पाच तास खेळून मग ठरवा.